रूळ कुणी टाकले?

१९७२ साली पीटर सिंगर या पंचविशीतल्या ऑस्ट्रेलियन तत्त्वज्ञाचा एक छोटा निबंध प्रसिद्ध झाला. पूर्व बंगालमधून जीव मुठीत धरून भारतात आलेले लाखो निर्वासित तो लिहिताना त्याच्या डोळ्यांपुढे होते. युक्तिवाद कुणालाही कळावा इतका सोपा होता. वाटेने जाताना उथळ तळ्यात एखादं मूल गटांगळ्या खाताना दिसलं, तर कपडे खराब होतील म्हणून आपण काठावर उभे राहत नाही. मग हजारो मैलांवर भुकेने मरणाऱ्या मुलासाठी चैनीचे पैसे सोडायला आपला हात का आखडतो? अंतर वाढलं की कर्तव्य घटतं का?

नेमक्या त्याच वर्षी मराठवाड्यात पावसाने पाठ फिरवली होती. आमच्या पिशोर गावात आणि आसपासच्या खेड्यांत आजही ‘बहात्तरचा दुष्काळ’ म्हटलं की म्हातारी माणसं वर्ष सांगत बसत नाहीत. मिलोची भाकरी, सुकडी आणि खडी एवढंच सांगतात. मे १९७३ मध्ये महाराष्ट्रात सुमारे ५० लाख माणसं दुष्काळी कामांवर होती. रस्ते झाले, पाझर तलाव झाले, नाल्यांवर बांध पडले. धान्याचं पीक कोसळलेलं असूनही मोठ्या प्रमाणावरचे भूकबळी टळले, आणि ते का टळले याचा अभ्यास पुढे ज्याँ द्रेझ यांच्यासारख्या अर्थशास्त्रज्ञांनी केला. विधान परिषदेचे सभापती वि. स. पागे यांनी आधीपासून लावून धरलेली ‘मागेल त्याला काम’ ही कल्पना या अनुभवातून तावूनसुलाखून निघाली. १९७७ साली रोजगार हमीचा कायदा झाला, २६ जानेवारी १९७९ पासून तो अमलात आला. त्यासाठी पैसा उभा करायला १९७५ मध्ये व्यवसाय कर बसवला होता.

हा कर मी नोकरीभर भरला. दरमहा दोनशे, फेब्रुवारीत तीनशे. पगारपत्रकावर ‘पी.टी.’ अशी दोन अक्षरं असत आणि आमच्या स्टाफरूममध्ये ती कशासाठी आहेत हे सांगता येणारे फार थोडे होते. सिंगरच्या कोड्याला महाराष्ट्राने दिलेलं उत्तर त्या दोन अक्षरांत आहे, असं मी मानतो. सिंगर एकेकट्या माणसाला विचारतो की तू किती देशील. रोजगार हमीने प्रश्न उलटा केला: उपाशी माणसाला काय मागता येईल? देणाऱ्याचं मन मोठं आहे की नाही, यावर मग त्याची भाकरी अवलंबून राहत नाही. आमच्याच कन्नड तालुक्यात पितळखोऱ्याच्या लेण्यांत दोन हजार वर्षांपूर्वी पैठणच्या मितदेव या गंधिकाने, म्हणजे सुगंधी द्रव्यांच्या व्यापाऱ्याने, आपल्या दानाची नोंद दगडात कोरून ठेवली. दानाला असं नाव असतं. करातून आलेल्या मजुरीला ते नसतं, आणि घेणाऱ्याला कुणाचे पायही धरावे लागत नाहीत. निदान कायद्याच्या कागदावर तरी. हजेरीपटावर नाव लागण्यासाठी कुणाकुणाचे पाय धरावे लागले, ही वेगळी गोष्ट आहे आणि तीही नीतिशास्त्राचीच आहे.

माझ्या पुस्तकाचा विषय इथून सुरू होतो. गेल्या साठ-सत्तर वर्षांत जगभरच्या नीतिविचारात जे पेच गाजले, ते मराठी वाचकाला त्याच्या अंगणातून दिसावेत, एवढ्यासाठी हा खटाटोप केला आहे.

अकरावी-बारावीला तर्कशास्त्र शिकवताना मुलं हमखास विचारायची, “सर, पण खरं-खोटं तर ज्याचं त्याचं असतं ना?” या प्रश्नाने नीतिशास्त्राचा एक अख्खा मजला व्यापलेला आहे. नैतिक विधानं खरी किंवा खोटी असू शकतात का, की ती केवळ आपली आवडनिवड बोलून दाखवतात? जी. ई. मूर यांनी १९०३ मध्ये ‘चांगलं’ या गुणाची दुसऱ्या कशात फोड करता येत नाही असं सांगितलं. १९३६ मध्ये ए. जे. एअर यांनी नैतिक विधानांना भावनेच्या उद्गारांपलीकडे अर्थ नाही असं ठासून मांडलं. १९७७ मध्ये जे. एल. मॅकी म्हणाले की ही विधानं काहीतरी सांगू पाहतात खरी, पण ती ज्याविषयी बोलतात तसलं काही जगात नाहीच. या वादाला मी पुस्तकात फार जागा दिलेली नाही. तो महत्त्वाचा आहे, पण पोहायला शिकण्याआधी पाण्याचं रसायनशास्त्र शिकण्यासारखा आहे. ‘ज्याचं त्याचं’ म्हणणारा मुलगाही परीक्षेत दुसऱ्याला जास्त गुण मिळाले की “हे चूक आहे” असंच म्हणतो, आणि तिथे तो आपली आवड सांगत नसतो.

दुसऱ्या मजल्यावर जुनी घराणी राहतात. बेंथॅम आणि मिल यांचा उपयुक्ततावाद कृतीची किंमत परिणामांवर ठरवतो. कांट म्हणतो की माणसाला नुसतं साधन म्हणून वापरणं चूक आहे, त्यातून कितीही भलं होवो. ॲरिस्टॉटलचं घराणं कृतीपेक्षा माणसाच्या घडणीकडे पाहतं. ते मोडकळीला आलं होतं. १९५८ मध्ये एलिझाबेथ ॲन्स्कम यांनी एका तिखट लेखाने त्याची डागडुजी सुरू केली आणि १९८१ मध्ये ॲलास्डेर मॅकिंटायर यांनी ते पुन्हा नांदतं केलं. चौथं घराणं कराराचं. जॉन रॉल्स यांनी १९७१ मध्ये सुचवलं की आपण कोणत्या घरात, कोणत्या जातीत, कोणत्या धडधाकट किंवा अधू शरीरात जन्मणार हे ठाऊक नसताना समाजाचे नियम ठरवून पाहावेत. तीनच वर्षांनी रॉबर्ट नोझिक यांनी त्याला उत्तर दिलं: हक्काने मिळवलेलं काढून घेऊन वाटणारं शासन माणसाला राबवून घेतं. पुढे टी. एम. स्कॅनलन यांनी १९९८ मध्ये कराराची कल्पना आणखी ताणली. ज्या नियमाला कुणीही रास्त हरकत घेऊ शकणार नाही तो नियम, अशी त्यांची कसोटी.

तिसरा मजला प्रत्यक्ष प्रश्नांचा. गर्भपात, दयामरण, प्राण्यांचे हाल, युद्ध, गरिबी, पुढच्या पिढ्या. १९७० च्या आसपास तत्त्वज्ञ शब्दांच्या विश्लेषणाला कंटाळून या मजल्यावर उतरले आणि तेव्हापासून खरी गर्दी इथेच आहे.

हे सगळं परकं आहे असं म्हणणाऱ्यांनी आपलंच कपाट उघडून पाहावं. मंडालेच्या तुरुंगात लिहिलेलं आणि १९१५ मध्ये प्रसिद्ध झालेलं टिळकांचं ‘गीतारहस्य’ घराघरांत आहे; वाचलेलं किती घरांत, ते विचारू नये. त्यातलं ‘कर्मजिज्ञासा’ हे प्रकरण म्हणजे नैतिक पेचांचा मराठीतला पहिला मोठा संग्रह आहे. दुष्काळात भुकेने व्याकूळ होऊन कुत्र्याचं मांस चोरणारा विश्वामित्र तिथे भेटतो, आणि खरं बोलल्याने निरपराधाचा जीव जाणार असेल तर काय करावं हा प्रश्नही भेटतो. टिळक मिल आणि कांट वाचून, त्यांच्याशी भांडून, नीतीच्या विचाराची आधिभौतिक, आधिदैविक आणि आध्यात्मिक अशी विभागणी करतात. त्यांचं उत्तर मला पटत नाही; परिणामांचा विचार करणाऱ्यांना ते फार लवकर निकालात काढतात. पण प्रश्न मांडण्याची त्यांची ताकद आजही थक्क करते. त्याच काळात वा. म. जोशी यांनी ‘नीतिशास्त्रप्रवेश’ लिहिलं आणि तेच प्रश्न कादंबऱ्यांतही आणले. आमचा घाट उतरून खानदेशात गेलं की अमळनेर लागतं. तिथे १९१६ मध्ये प्रताप शेठजींच्या आश्रयाने तत्त्वज्ञान मंदिर उभं राहिलं. साने गुरुजी शाळामास्तर होण्याआधी तिथे विद्यार्थी होते. पुढे वाडेकरांनी संपादित केलेला ‘मराठी तत्त्वज्ञान महाकोश’ आला, वाईहून मे. पुं. रेगे ‘नवभारत’मधून लिहीत राहिले, आणि १९९० मध्ये नागपुरात दि. य. देशपांडे यांनी ‘आजचा सुधारक’ सुरू केला. इतकं असूनही १९७१ नंतरची जागतिक चर्चा मराठीत तुटक-तुटकच पोचली. आमच्या अभ्यासक्रमांनी मिल आणि कांटनंतर जणू घंटा वाजवून वर्ग सोडला.

आता पुस्तकाच्या नावातल्या रुळांविषयी. फिलिपा फूट यांनी १९६७ मध्ये एका लेखात ट्रामचं उदाहरण दिलं. ब्रेक निकामी झालेली ट्राम, पुढच्या रुळांवर पाच माणसं, बाजूच्या रुळांवर एक. वळवावी का? ज्युडिथ जार्विस थॉमसन यांनी १९७६ मध्ये त्याला पक्कं नाव दिलं आणि त्यात पुलावरचा जाडजूड माणूस आणून उभा केला. त्याला खाली ढकललं तरी पाचजण वाचतात, पण बहुतेकांचा हात इथे थांबतो. एकाच्या बदल्यात पाच हे गणित तर तेच आहे. मग फरक कशात? मारणं आणि मरू देणं यांत, की हेतू आणि अपेक्षित परिणाम यांत? की हा फरक निव्वळ आपल्या मेंदूच्या ठेवणीचा आहे? या एका कोड्यावर शेकडो लेख झाले. थॉमसन यांनी तर २००८ मध्ये आपलं आधीचं मत फिरवलं आणि वाटसरूने ट्राम वळवूच नये असं लिहिलं. तीस वर्षं एका कोड्यावर विचार करून मत बदलणारा माणूस मला फार मोठा वाटतो.

तरी हे कोडं वर्गात मांडलं की मागच्या बाकावरून कुणीतरी विचारायचं: ती माणसं रुळांवर कशी आली? बांधून कुणी ठेवलं? परदेशी पुस्तकांत या प्रश्नाला ‘कोड्याच्या अटी पाळा’ असं उत्तर मिळतं. मला तो मुलगा बरोबर वाटतो. जोतीराव फुले यांचं ‘सार्वजनिक सत्यधर्म पुस्तक’ १८९१ मध्ये त्यांच्या मृत्यूनंतर आलं. त्यात हाच प्रश्न आहे. बाबासाहेबांनी १९३६ मध्ये लाहोरसाठी लिहिलेल्या आणि तिथे न झालेल्या भाषणात नियम आणि तत्त्व यांत फरक केला. नियम पाळणारा माणूस विचार करत नाही आणि जबाबदारीही घेत नाही. तत्त्वाने चालणाऱ्याला दोन्ही टाळता येत नाहीत. जातीची चौकट गृहीत धरून तिच्या आत सद्गुणी राहणं त्यांना पुरेसं वाटलं नाही. अमेरिकेत चार्ल्स मिल्स यांनी १९९७ मध्ये रॉल्सच्या परंपरेवर याच जातीची टीका केली: करार कोणी कोणाशी केला, आणि त्यातून कोण मुळातच वगळलं गेलं? मराठी वाचकाला हा प्रश्न साठ वर्षं आधी ऐकायला मिळाला होता. माझ्या मते गेल्या शतकातल्या नीतिविचाराला महाराष्ट्राने दिलेली सगळ्यात मोठी भर ही आहे, आणि नीतिशास्त्राच्या क्रमिक पुस्तकांत तिला अजून जागा नाही.

म्हणून कोडी टाकाऊ ठरत नाहीत. कोड्याने एक धागा वेगळा काढून ताणून बघता येतो. पण कापड धाग्यांचं असतं, हे अरुणा शानबाग यांच्या प्रकरणाइतकं लखलखीत मी दुसरीकडे कुठे पाहिलेलं नाही. १९७५ मध्ये जेम्स रेचल्स यांनी एक कोडं घातलं होतं. वारसा मिळावा म्हणून एकजण लहान चुलतभावाला टबात बुडवतो. दुसरा बुडवायलाच जातो, पण मूल आपसूकच बुडत असल्याचं पाहून नुसता उभा राहतो. दोघांत काही फरक आहे का? नसेल, तर वैद्यकात मारणं आणि मरू देणं यांत आपण फरक का करतो? कोडं म्हणून हे चोख आहे. आता मुंबईचं के.ई.एम. रुग्णालय. तिथल्या परिचारिका अरुणा शानबाग यांच्यावर नोव्हेंबर १९७३ मध्ये अमानुष हल्ला झाला. मेंदूला झालेल्या इजेतून त्या कधीच सावरल्या नाहीत आणि पुढची जवळजवळ ४२ वर्षं त्याच रुग्णालयात होत्या. पत्रकार-लेखिका पिंकी विराणी यांनी त्यांच्या वतीने सर्वोच्च न्यायालयात अर्ज केला: हे जगणं थांबू द्या. ७ मार्च २०११ रोजी न्यायालयाने अर्ज फेटाळला. मात्र जीवरक्षक उपचार थांबवण्याची वाट ठरावीक अटींवर आणि उच्च न्यायालयाच्या परवानगीने मोकळी केली. म्हणजे रेचल्सने ज्या भेदावर घाव घातला होता, त्याच भेदावर भारताचा कायदा उभा राहिला. २०१८ च्या निकालाने तो अधिक पक्का केला आणि आगाऊ इच्छापत्रालाही मान्यता दिली.

पण २०११ च्या निकालातला मला सगळ्यात मोलाचा वाटणारा भाग दुसराच आहे. अरुणाच्या वतीने बोलण्याचा अधिकार कुणाचा? न्यायालयाने तो के.ई.एम.च्या कर्मचाऱ्यांना दिला, कारण इतकी वर्षं रात्रंदिवस त्यांनी तिला सांभाळलं होतं. खाटेला खिळलेल्या त्या देहाला त्यांनी शय्याव्रण होऊ दिला नव्हता. परिचारिकांच्या पिढ्या बदलल्या आणि नव्या मुलींनीही ते काम आपलं मानलं. १९८२ मध्ये कॅरल गिलिगन यांनी म्हटलं होतं की हक्क आणि नियमांच्या भाषेत नीतीची एक अख्खी बाजू ऐकूच येत नाही. ती नात्याची, काळजी घेण्याची बाजू. कूस बदलणारे हात कोणते, हा प्रश्न त्या निकालात पुराव्याच्या दर्जाला पोचला. विराणी यांची बाजू चूक होती असं मी म्हणत नाही. करुणा दोन्हीकडे होती, आणि म्हणूनच हे प्रकरण कोड्यासारखं सुटत नाही. मे २०१५ मध्ये अरुणा न्यूमोनियाने गेल्या. आमच्या महाराष्ट्रात विनोबांनी नोव्हेंबर १९८२ मध्ये पवनारला अन्न आणि औषध सोडून देह ठेवला, तेव्हा त्याला कुणी दयामरण म्हटलं नाही. का म्हटलं नाही, याचा शोध एका प्रकरणात घेतला आहे.

पिशोरला बसून लिहिताना आणखी दोन गोष्टी टाळता आल्या नाहीत. एक पाण्याची. या भागात अद्रकीचं पीक वाढलं, मका आणि कपाशी होतीच. बेसाल्टच्या खडकात पाणी फटींत साठतं आणि ते कुणा एकाच्या शिवारापुरतं थांबत नाही. १९९३ च्या कायद्याने पिण्याच्या सार्वजनिक उद्भवापासून ५०० मीटरच्या आत परवानगीशिवाय विहीर घ्यायला मनाई केली, २००९ च्या भूजल कायद्याने ६० मीटरहून खोल जाण्यावर बंधन घातलं. उन्हाळ्यात बोअरची गाडी मात्र गावोगाव फिरतेच. माझा एक जुना विद्यार्थी मला म्हणाला, “सर, माझ्या एका बोअरनं असं कितीक पाणी कमी होणार हाय?” डेरेक पारफिट यांनी १९८४ मध्ये हाच प्रश्न भयंकर रूपात मांडला. हजार छळ करणारे, हजार बळी. प्रत्येकजण एक बटण दाबतो; त्या एका बटणाने कुणाच्याही वेदनेत जाणवण्याइतकी भर पडत नाही, पण सगळ्यांनी दाबलं की वेदना असह्य होते. मी काहीच केलं नाही असं यातला प्रत्येकजण म्हणू शकतो का? पारफिट म्हणतात, नाही. मी त्यांच्या बाजूचा आहे, तरी त्या मुलाच्या कर्जाचा हिशोब त्यांच्या पुस्तकात नव्हता.

पारफिट यांचा दुसरा पेच याहून विचित्र आहे. पाणी संपलं की माणसं ऊसतोडीला जातात, शहरं गाठतात. लग्नं वेगळ्या घरांत जुळतात आणि वेगळी मुलं जन्मतात. पन्नास वर्षांनंतरच्या त्या कोरड्या शिवारातलं मूल आपल्याला दोष कसा देणार? आपण शहाणपणाने वागलो असतो तर ते मूल जन्मलंच नसतं. हा युक्तिवाद कुठेतरी चुकतोय असं सगळ्यांना वाटतं. नेमका कुठे, यावर चाळीस वर्षांत एकमत झालेलं नाही.

दुसरी गोष्ट तारांची. गौताळ्याच्या जंगलालगतच काय, राज्यभर शेतकरी रानडुकरांपायी रात्र-रात्र जागतात, आणि काहीजण बांधावरच्या तारेत करंट सोडतात. एकाच्या तारेला डुक्कर लागतं, दुसऱ्याच्या तारेला रात्री पाणी भरायला निघालेला शेजारी. दोघांचा हेतू एक, निष्काळजीपणाही सारखाच. एक सकाळी चहा पितो, दुसऱ्यावर मनुष्यवधाचा गुन्हा दाखल होतो. बर्नार्ड विल्यम्स आणि थॉमस नेगल यांनी १९७६ मध्ये याला नैतिक नशीब म्हटलं आणि नीतीच्या मुळाशीच सुरुंग लावला. ज्यावर आपला ताबा नाही त्याचा दोष आपल्याला लागू नये, असं आपण मानतो. पण तो लावल्याशिवाय आपल्याला राहवतही नाही.

आज हे लिहिण्याची निकड कशी आली, हे फार सांगायला नको. २०२१ च्या एप्रिल-मे महिन्यांत ऑक्सिजनचा बेड कुणाला द्यायचा हा प्रश्न तालुक्याच्या डॉक्टरांनाही पडला, आणि त्यांच्यापुढे कुठलंच पुस्तक नव्हतं. चालकाविना धावणाऱ्या गाडीने कुणाला वाचवावं, यावर एमआयटीने जगभरातून सुमारे ४ कोटी निर्णय गोळा केले आणि २०१८ मध्ये त्यांचा निष्कर्ष छापला. ट्रामचं कोडं असं कारखान्यात पोचलं. बहुमताने नीती ठरत नाही हे मात्र कुठल्याच यंत्राला अजून शिकवता आलेलं नाही.

या पुस्तकात मी कुठलंही एक घराणं जिंकवलेलं नाही, पण तटस्थतेचा आवही आणलेला नाही. जिथे माझं मत आहे तिथे ते दिलं आहे. परिभाषा शक्य तिथे टाळली, आणि प्रत्येक पेचाला महाराष्ट्रातला एखादा खरा प्रसंग जोडला. प्राण्यांच्या हक्कांवरचं प्रकरण मनासारखं लांब झालं नाही. गोवंशाचा कायदा आणि बैलबाजार यांवर लिहायचं तर स्वतंत्र पुस्तकच लागेल. युद्धाची नीती पूर्ण सोडली आहे. प्रकरणं क्रमाने वाचायची गरज नाही. ज्यांना सिद्धान्ताचा कंटाळा आहे त्यांनी पाण्याचं प्रकरण आधी वाचावं, कांटकडे मागाहून यावं. वाचताना पेन्सिल जवळ ठेवा, आणि शक्यतो एकट्याने वाचू नका. या विषयात दुसरं माणूस समोर असल्याशिवाय आपली चूक दिसत नाही. माझं म्हणणं पटलं नाही तर तसं कळवा. पुढच्या आवृत्तीत तुमची हरकत आणि तिला दिलेलं उत्तर, दोन्ही छापीन.

पिशोर, ता. कन्नड, जि. छत्रपती संभाजीनगर